सूत्रधार बदलतो तेव्हा: प्रोग्रॅमिंग स्पर्धांचे हस्तांतर

ठरलेल्या दिवशी प्रोग्रॅमिंगचे एक कोडे जाहीर करायचे, आलेली उत्तरे तपासायची, निकाल लावायचा आणि पुढच्या कोड्याच्या तयारीला लागायचे, असा नेम पाळणाऱ्या स्पर्धा संगणकाच्या जगात चाळीस वर्षांहून अधिक काळ चालत आल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच स्पर्धांमागे ना कंपनी असते, ना अनुदान. नोकरी सांभाळून रात्री जागणारा एखादा माणूस असतो, फार तर दोघे-तिघे. स्पर्धा रुजली की भाग घेणारे हजारोंनी वाढतात. चालवणारे हात मात्र तेवढेच राहतात. मग कधीतरी तो माणूस थांबायचे ठरवतो. कारणे बहुधा घरगुती असतात: नोकरी बदलते, घरात मूल येते, प्रकृती कुरकुरते, किंवा नुसता कंटाळा येतो. पुढे स्पर्धेचे काय होणार, हे त्याने थांबण्याआधी काय करून ठेवले यावर बरेचसे ठरते.

बाहेरून पाहणाऱ्याला फक्त कोडे दिसते. ते तयार होण्यामागचे काम एका उदाहरणावरून कळेल. समजा, प्रश्न असा आहे: घोडेगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या रांगेत लावल्या आहेत, प्रत्येकीचे वजन दिले आहे आणि ठरावीक खेपांत सगळा माल हलवायचा आहे, तर ट्रक कमीत कमी किती वजन पेलणारा हवा? गोण्या रांगेतल्या क्रमानेच भरायच्या, ही अट असेल तर दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी हे गणित सोडवतो. एखादी क्षमता धरायची, तेवढ्यात माल बसतो का ते पाहायचे, बसला तर क्षमता कमी करायची, नाही बसला तर वाढवायची आणि शोधाची व्याप्ती दर वेळी निम्मी करत जायची. पण क्रमाची अट लिहायची राहून गेली, तर तेच कोडे अशा वर्गात जाऊन पडते, की ज्यासाठी सर्व परिस्थितींत अचूक आणि वेगवान उत्तर देणारी रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. एका वाक्याची चूक आणि स्पर्धेचा दिवस वाया.

पुढे येतात चाचण्या. एकच गोणी असेल तर? सगळ्या सारख्या वजनाच्या असतील तर? खेपा गोण्यांपेक्षा जास्त असतील तर? दोन लाख गोण्या आणि प्रत्येकीचे वजन एक लाख ग्रॅम, म्हणजे एकूण दोन हजार कोटी ग्रॅम, असे आकडे दिले की 32 बिटांच्या पूर्णांकात बेरीज मावत नाही, कारण त्याची मर्यादा सुमारे 214 कोटींवर संपते. अशा कोपऱ्यांतल्या चाचण्या कोड्यासोबत छापल्या जात नाहीत. त्या लपवलेल्याच ठेवायच्या असतात. शिवाय प्रश्न लिहिणाऱ्याने आपले उत्तर बरोबर आहे हे पटवून घेण्यासाठी एक सावकाश चालणारे, पण हमखास अचूक असे दुसरे उत्तर लिहिलेले असते. हा सगळा ऐवज वर्षानुवर्षे एकाच माणसाच्या संगणकावर साठत जातो. काही भाग तर संगणकावरही नसतो. कोणत्या वर्षी कोणता प्रश्न फसला, कोणता परीक्षक मनापासून तपासतो आणि कोणता नुसता होकार कळवतो, कोणत्या कोड्याशी मिळतेजुळते कोडे आधी कुठे येऊन गेले, ही माहिती त्याच्या डोक्यातच असते.

महाराष्ट्रात सुरू झालेल्या एका स्पर्धेने या अडचणीवर लवकर उपाय काढला. मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने 2009 मध्ये कोडशेफ सुरू केले. दर महिन्याला दहा दिवस चालणारी ‘लाँग चॅलेंज’ आणि अडीच तासांची ‘कुक-ऑफ’ यांमुळे भारतातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची एक पिढी तिथे घडली. तिथे प्रत्येक प्रश्नामागे तीन वेगळ्या भूमिका ठेवल्या गेल्या: प्रश्न लिहिणारा सेटर, तो सोडवून पाहणारा टेस्टर आणि स्पर्धा संपल्यावर उकल समजावून देणारा एडिटोरियलिस्ट. वरवर ही केवळ कामाची वाटणी. प्रत्यक्षात तीन माणसांना तोच प्रश्न मुळापासून ठाऊक असायचा आणि एखादा सेटर निघून गेला तरी पुढच्या महिन्याची स्पर्धा अडत नसे. रशियातल्या सारातोव्हचे माइक मिर्झायानोव्ह यांनी 2010 मध्ये कोडफोर्सेस सुरू केले आणि याच गरजेपोटी ‘पॉलिगॉन’ नावाची सोय उभी केली. प्रश्नाचा मजकूर, चाचण्या, आलेला डेटा नियमांत बसतो की नाही हे पाहणारा प्रोग्रॅम, उत्तर तपासणारा प्रोग्रॅम आणि नमुना उकली असे सगळे तिथे एका ठिकाणी राहते. जगभरातल्या कितीतरी स्पर्धांचे प्रश्न आज तिथे तयार होतात.

सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एकीचा प्रवास असा शिस्तीचा नाही, आणि म्हणूनच तो पाहण्यासारखा आहे. 1984 मध्ये लँडन कर्ट नोल आणि लॅरी बॅसल हे दोन अमेरिकी तरुण इतरांचा कोड दुरुस्त करताना वैतागले. त्यांतला एक प्रोग्रॅम युनिक्सच्या बोर्न शेलचा होता. तो सी भाषेत असूनही, लेखकाने मॅक्रो वापरून त्याला अल्गोल या दुसऱ्याच भाषेचा चेहरा दिला होता. या वैतागातून जाणूनबुजून न कळणारा सी प्रोग्रॅम लिहिण्याची स्पर्धा निघाली; आयओसीसीसी या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. पुढे बॅसल बाजूला झाले. पीटर सीबॅक, सायमन कूपर, लिओनिड ब्रौखिस असे परीक्षक येत गेले. नोल मात्र राहिले. याचा परिणाम स्पर्धेच्या वर्षांच्या यादीत सरळ दिसतो. 2006 नंतरची स्पर्धा थेट 2011 मध्ये झाली. 2020 मध्ये 27वी स्पर्धा झाली आणि 28वी 2024 मध्ये. मधली वर्षे रिकामी. शेवटच्या खंडात जुन्या विजेत्या प्रोग्रॅमांची मोठी डागडुजी झाली, कारण चाळीस वर्षांपूर्वीचा सी आजच्या कंपायलरला पचत नाही. चालवणारा बदलला नाही तर स्पर्धा त्याच्या सवडीने चालते. हे वाईटच असे नाही. आयओसीसीसीच्या चाहत्यांनी ही मोकळीक कधीच मान्य केली आहे.

रुबी या भाषेसाठी 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘रुबी क्विझ’ची तऱ्हा याच्या उलट. जेम्स एडवर्ड ग्रे यांनी दर आठवड्याला एक कोडे आणि आलेल्या उत्तरांचा सारांश हा नेम सुमारे तीन वर्षे पाळला. निवडक कोड्यांचे पुस्तकही 2006 मध्ये निघाले. नंतर त्यांनी सूत्रे मॅथ्यू मॉस यांच्याकडे दिली आणि मॉस यांच्याकडून ती डॅनियल मूर यांच्याकडे गेली. हस्तांतर दोनदा झाले, तेही जाहीरपणे. तरीही स्पर्धा पूर्वीच्या जोमाने फार काळ चालली नाही. यामागचे कारण कामाच्या स्वरूपात शोधायला हवे. आठवड्याला एक कोडे काढणे अवघड असले तरी शक्य असते. पण पंधरा-वीस जणांचा कोड वाचून, त्यातली युक्ती हेरून, ती इतरांना समजेल अशा भाषेत मांडणे हे लेखकाचे काम आहे. वारसदाराला कोड्यांचा साठा देता येतो, हा हात देता येत नाही. नव्या माणसाने आपल्याला जमेल असा नवा आकार स्पर्धेला दिला तर ती टिकते; आधीच्याची नक्कल करायला गेला तर दोन वर्षांत दमतो.

वारस नेमायचाच नाही, हाही एक मार्ग असतो. पायथन भाषेचे जनक गीडो व्हॅन रॉसम यांनी जुलै 2018 मध्ये अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. भाषेत एक छोटी सुधारणा करण्यावरून झालेल्या लांबलेल्या वादाने ते थकले होते. आपल्या जागी कोणाचेही नाव त्यांनी सुचवले नाही. कारभार कसा चालवायचा हे योगदान देणाऱ्यांनीच ठरवावे, एवढेच सांगितले. त्यावर काही महिने चर्चा झाली, निरनिराळे आराखडे मतदानाला ठेवले गेले आणि 2019 च्या सुरुवातीला पाच जणांचे मंडळ निवडून आले. पायथन ही स्पर्धा नव्हे, पण स्वयंसेवकांवर चालणाऱ्या कामात प्रमुखाची जागा रिकामी सोडण्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. मात्र हे तिथेच जमते जिथे काम जाणणारी माणसे आधीच पुष्कळ असतात. तीन माणसांच्या स्पर्धेत प्रमुखाने जागा रिकामी सोडली तर बहुधा ती रिकामीच राहते.

कधी थांबण्याचा निर्णय माणसाच्या हातातच राहत नाही. स्पेनमधल्या व्हायादोलिद विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मिगेल आंखेल रेविया यांनी 1990 च्या दशकात एक ऑनलाईन जज उभा केला. पाठवलेला प्रोग्रॅम आपोआप चालवून बरोबर की चूक हे सांगणारा हा सर्व्हर ‘यूव्हीए’ या नावाने भारतातल्या कॉलेजांतही पोचला. जुन्या विद्यार्थ्यांना त्यावरच्या प्रश्नांचे क्रमांक पाठ असत. 2018 मध्ये रेविया वारले. त्यानंतर तो जज विद्यापीठाच्या पत्त्यावरून हलून स्वतंत्र पत्त्यावर गेला आणि टिकला. सर्व्हर सांभाळणारी इतर माणसे होती म्हणूनच हे जमले. पण वर्षानुवर्षे पुस्तकांत आणि पाठ्यक्रमांत छापलेला जुना पत्ता बदलावा लागला. एका व्यक्तीच्या पदाशी जोडलेली सोय त्या व्यक्तीनंतर संस्थेकडे कायम राहीलच, असे धरून चालता येत नाही.

पूर्ण थांबणे आणि तसेच रेटत राहणे यांच्या मधली वाटही आहे. ‘अॅडव्हेंट ऑफ कोड’ ही एरिक वॅस्टल यांनी 2015 पासून चालवलेली डिसेंबरची स्पर्धा. 1 ते 25 डिसेंबर रोज दोन भागांचे एक कोडे, असा तिचा दहा वर्षांचा क्रम होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र झाली की कोडे उघडे. भारतात तेव्हा सकाळचे साडेदहा वाजलेले, म्हणजे कॉलेजात नेमका तास चालू. 2025 साठी वॅस्टल यांनी दिवस पंचविसांवरून बारावर आणले आणि जगभरातल्या पहिल्या शंभर जणांची यादी बंदच केली. मित्रमंडळींच्या खासगी याद्या ठेवल्या. ती जागतिक यादी हा सगळ्यांत जास्त ताण देणारा भाग होता: पहिल्या मिनिटात सर्व्हरवर येणारा लोंढा, यंत्राकडून उत्तर लिहून घेणारे, त्यावरची भांडणे. ती काढल्यावर स्पर्धेचा गाभा शाबूत राहिला आणि चालवणाऱ्याच्या मानेवरचे ओझे हलके झाले. सूत्रे सोडण्याआधी कामच छाटून पाहावे, हा शहाणपणाचा निर्णय फार थोड्यांना वेळेवर सुचतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरमध्ये, हा विषय निराळ्या रूपात दिसतो. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. त्याच वर्षी जिल्ह्यात लोणीला प्रवरा, संगमनेरला अमृतवाहिनी आणि कोपरगावला संजीवनी अशी तीन महाविद्यालये उभी राहिली. तिन्ही सहकारी साखर कारखान्यांच्या परिघात. अशा कॉलेजांतली प्रोग्रॅमिंग स्पर्धा चालवतात विद्यार्थी, आणि विद्यार्थ्यांचे पायउतार होणे दरवर्षी ठरलेलेच. एसईचा (दुसऱ्या वर्षाचा) मुलगा स्वयंसेवक म्हणून येतो, टीईला (तिसऱ्या वर्षी) सूत्रे घेतो, बीईला (शेवटच्या वर्षी) प्लेसमेंट आणि प्रोजेक्टमध्ये अडकतो आणि वर्ष संपले की पुण्याला किंवा बंगळूरला निघून जातो. जगातल्या स्वयंसेवकाला जो प्रश्न दहा वर्षांनी पडतो, तो इथे दर उन्हाळ्यात उभा असतो.

या व्यवस्थेचा फायदा असा, की कोणी कायमचा मालक होत नाही. तोटा असा, की स्मरण उरत नाही. मागच्या वर्षीचे प्रश्न पेन ड्राइव्हमध्ये गेले, नोंदणीचे खाते एकाच्या वैयक्तिक ईमेलवर उघडले होते, प्रायोजकाचा दूरध्वनी क्रमांक माजी सचिवाच्या मोबाइलमध्ये राहिला, असे घडत राहते आणि ‘दहावे वर्ष’ असा फलक लावलेली स्पर्धा प्रत्यक्षात दहाव्यांदा पहिल्यापासून उभी करावी लागते. त्यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे एखाद्या प्राध्यापकाकडे कायमची जबाबदारी. तो अर्धाच उपाय आहे. प्राध्यापकाकडे खाती, पैसा आणि परवानग्या राहाव्यात हे खरे. पण प्रश्न कसा घडतो हे फक्त सेटर आणि टेस्टर सांगू शकतात. त्यासाठी टीईच्या सेटरबरोबर एसईचा टेस्टर बसवणे आणि पुढच्या वर्षी त्यालाच सेटर करणे हा साधा क्रम जास्त उपयोगी पडतो. कोडशेफने मोठ्या प्रमाणावर जी विभागणी केली, तीच इथे एका वर्षाच्या अंतराने होते.

लोणीला सूत्रे देण्याघेण्याचे याहून जुने आणि मोठे उदाहरण आहे. त्याचा संगणकाशी काही संबंध नाही. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांच्या खटपटीतून उभा राहिला आणि त्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. अध्यक्ष मात्र होते पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. बँका आणि सरकार यांच्यापुढे त्यांच्या नावाला वजन होते, तर शेतकऱ्यांचा विश्वास विखे पाटलांवर. सुमारे दहा वर्षांनी गाडगीळ बाजूला झाले आणि अध्यक्षपद विखे पाटलांकडे आले. तोवर कारखान्याचा प्रत्येक व्यवहार विखे पाटलांच्या हाताखालून गेलेला होता. ही दहा वर्षे म्हणजे एक प्रदीर्घ हस्तांतरच होते. जाणारा आणि येणारा एकाच टेबलावर काम करत होते, फक्त सहीचा अधिकार एकाकडे होता. प्रोग्रॅमिंग स्पर्धेला दहा वर्षे लागत नाहीत, पण दोन-तीन फेऱ्या अशा जोडीने काढल्या तर नव्या माणसाला प्रश्न फसताना आणि सावरताना दोन्ही पाहायला मिळते.

व्यवहारात सर्वांत जास्त घोळ किल्ल्यांचा होतो. वेबसाइटचे डोमेन नाव दरवर्षी पैसे भरून ताब्यात ठेवावे लागते आणि ते बहुधा सूत्रधाराच्या वैयक्तिक कार्डावर नोंदलेले असते. कार्डाची मुदत संपली की नूतनीकरण चुकते आणि ते नाव कोणीही विकत घेऊ शकतो. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड, मोबाइलवर येणारा दुसऱ्या टप्प्याचा सांकेतांक, देणग्यांचे खाते या सगळ्यांची तीच गत. सूत्रे सोडताना ही खाती संस्थेच्या किंवा किमान दोन व्यक्तींच्या नावावर करावी लागतात आणि नव्या माणसाने जुन्याच्या मदतीशिवाय एक फेरी पार पाडून दाखवेपर्यंत हस्तांतर पूर्ण झाले असे धरता येत नाही. दुसरा मुद्दा हक्कांचा. कोड्याचा मजकूर ज्याने लिहिला त्याचा त्यावर लेखनहक्क असतो. वीस वर्षांत शंभर जणांनी प्रश्न दिले असतील आणि परवानगी फक्त तोंडी असेल, तर नव्या सूत्रधाराला ते प्रश्न पुन्हा वापरताना किंवा पुस्तकात छापताना प्रत्येकाला गाठावे लागते. तिसरा मुद्दा भाग घेणाऱ्यांच्या माहितीचा: त्यांनी नाव आणि ईमेल एका माणसावर विश्वास ठेवून दिलेला असतो, म्हणून चालवणारा बदलला की ते त्यांना कळवावे लागते.

स्पर्धा कंपनीच्या हाती गेली की प्रश्न वेगळे होतात. कोडशेफ 2020 मध्ये अनअकॅडमी या कंपनीने घेतले. पुढे ते पुन्हा स्वतंत्र झाले. या धामधुमीत दहा दिवसांची लाँग चॅलेंज मागे पडली आणि दर आठवड्याची छोटी ‘स्टार्टर्स’ मुख्य झाली. दीर्घ स्पर्धेत दहा दिवस उत्तरे एकमेकांना पुरवली जातात ही तक्रार जुनीच होती, त्यामुळे हा बदल समजण्यासारखा आहे; पण एकाच प्रश्नावर चार रात्री डोके खाजवत बसण्याची जी संथ मजा लाँगमध्ये होती, ती दोन-तीन तासांत मिळत नाही. आता उत्तर लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींमुळे हा पेच सगळीकडे आला आहे. घरून भाग घेणाऱ्याने स्वतः सोडवले की यंत्राकडून करून घेतले, हे तपासण्याचे काम स्वयंसेवकाच्या गळ्यात पडते. कोडी रचण्याच्या आवडीने आलेला माणूस दक्षता अधिकारी होऊन बसतो. अशा वेळी त्याने सूत्रे सोडली तर नवल नाही. नव्याने सूत्रे घेणाऱ्याने बक्षिसे आणि क्रमवारी ठेवायची की नाही, हे आधी ठरवणे बरे. क्रमवारी नसेल तर फसवण्याचे कारणही फारसे उरत नाही.

वारसदार मिळालाच नाही तर स्पर्धा बंद करावी लागते, आणि तीही नीट बंद करता येते. गुगलने 2003 पासून चालवलेली कोड जॅम 2023 मध्ये थांबवली. सोबतच्या किक स्टार्ट आणि हॅश कोड या स्पर्धाही गेल्या. किक स्टार्टकडे भारतातले कितीतरी विद्यार्थी नोकरीचे दार म्हणून पाहत होते, त्यामुळे इथे हळहळ जास्त झाली. पण बंद होणार हे आधी जाहीर झाले, एप्रिलमध्ये निरोपाच्या फेऱ्या घेतल्या गेल्या आणि आधीच्या वर्षांचे प्रश्न सर्वांसाठी खुले ठेवले गेले. लहान स्पर्धेलाही एवढे जमते: शेवटच्या फेरीची तारीख काही महिने आधी सांगणे, प्रश्न चाचण्यांसकट खुले करणे, भाग घेणाऱ्यांची वैयक्तिक माहिती पुसून टाकणे आणि शिल्लक देणग्यांचा हिशेब मांडणे. चाचण्या खुल्या केल्या की जुने प्रश्न सरावासाठी पुन्हा जिवंत होतात. नुसता मजकूर ठेवला तर आपले उत्तर बरोबर आले की चूक, हे कळायला मार्ग राहत नाही.